पेल्यातील साक्ष

वकिली करता करता माणसाला एक खोड जडते. कोर्टात तो पुराव्यावाचून एक पाऊल पुढे टाकीत नाही. पण घरी आला की काळ्या कोटाबरोबर पुराव्याचा कायदाही खुंटीला टांगून ठेवतो. मुलाने कप फोडला, गड्याने बैल उशिरा सोडले, शेजाऱ्याने बांध कोरला, या सगळ्यांचा निवाडा तो हातातला चहा निवण्याच्या आत करून टाकतो. आम्ही या नियमाला अपवाद आहोत, असा आमचा बरीच वर्षे समज होता. दहा गुंठे आल्याने आणि पेलाभर पाण्याने तो समज कसा उतरविला, ते येथे सांगावयाचे आहे.

आमचे गाव सदलगा. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी भागात, दूधगंगेच्या काठी वसलेले. खाली नदीकडे ऊस, वर निपाणीच्या अंगाला तंबाखू, आणि मध्ये ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे भाजीपाला. मराठी आणि कन्नड येथे एकाच तोंडात नांदतात; भाव एका भाषेत विचारावा आणि घासाघीस दुसरीत करावी. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, तो तेथेच राहू द्यावा. आम्ही ज्याला आले म्हणतो त्याला आमचा कन्नड शेजारी ‘हसी शुंठी’ म्हणतो, म्हणजे ओली सुंठ; गोव्याकडचे आमचे वाचक ‘आलें’ म्हणतात. वाद सीमेचा असो की आणखी कशाचा, चहात तिघांचेही ते सारखेच उतरते.

गावात जैन वस्ती मोठी. १९४६ साली येथे जन्मलेले विद्याधर पुढे आचार्य विद्यासागर म्हणून देशभर वंदिले गेले. व्रतस्थ जैन घरात कंदमूळ वर्ज्य असल्यामुळे ओले आले चुलीपर्यंत पोचत नाही. तेच वाळून त्याची सुंठ झाली की चालते. लहानपणी आम्हांस याचे मोठे नवल वाटे. एकच वस्तू ओली असताना निषिद्ध आणि सुकल्यावर ग्राह्य! पुढे कायदा शिकल्यावर उमगले, की वस्तू तीच असली तरी अवस्था बदलली म्हणजे तिच्याविषयीचा न्याय बदलतो. म्हणून आधी अवस्था पाहावी आणि मग न्याय द्यावा. हे उमगले खरे, परंतु ते पुस्तकात उमगले. शेतात ते आठवले नाही.

आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. ती तात्या वाट्याने करतात. तात्या हे त्यांचे नाव नव्हे. गावाने दिलेले नाते आहे. आमच्या वडिलांच्या हयातीपासून ते या शेतात आहेत. आम्हांस त्यांनी अर्ध्या चड्डीत पाहिलेले आहे, तरीही ते आम्हांस ‘आण्णा’ म्हणूनच हाक मारतात. घरात कन्नड, रानात मराठी आणि बैलांशी दोन्ही, असा त्यांचा व्यवहार.

२०२३ सालच्या उन्हाळ्यात आल्याचे भाव चढू लागले होते. कोर्टातसुद्धा पक्षकार तारखेऐवजी आल्याच्या दराविषयी बोलत. आम्हांसही मोह झाला. विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत आले लावायचे ठरले. तात्या म्हणाले, “आण्णा, बेणं तेवढं बघून घेऊया. ज्याच्या रानात उभं पीक आपण डोळ्यानं बघितलंय, त्याचंच घ्यायचं.” परंतु तसे बेणे महाग होते. आम्ही बाजारातून एका व्यापाऱ्याकडचे अडीच क्विंटल बेणे स्वस्तात आणले. गड्डे टपोरे होते, डोळे फुगलेले होते. तात्यांनी त्यातले एक बोट मोडले, वास घेतला आणि ते पोत्यावर ठेवून दिले. काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही. साक्षीदार हजर असताना त्याची जबानी न घेण्याची ही आमची पहिली चूक.

मे महिन्यात गादीवाफ्यांवर लावण झाली. वर उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले. पाऊस उशिरा आला, पण जुलैत पीक असे तरारले की बांधावर उभे राहिल्यावर पानांचा वास छातीत भरे. मग ऑगस्ट आला. तो महिना त्या वर्षी देशभर कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. एका रविवारी आम्ही शेतावर गेलो, तो एका वाफ्यातल्या सात-आठ ठोंबांची पाने, निपाणीची विडी वळावी तशी, आत वळलेली दिसली. रंग अजून हिरवाच होता. कडा तेवढ्या तांबूस पडल्या होत्या.

“तात्या, पाणी द्या. वाळते आहे पीक.”

“आण्णा, रान वलं हाय. बुडात हात घालून बघा.”

“पाने वळलेली दिसत नाहीत का?”

तात्यांनी पाणी दिले. आठ दिवसांत पाटाच्या उताराने मर खाली खाली सरकली. आम्ही दुकानातून बुरशीचे औषध आणून ओतविले. त्याने काही फरक पडला नाही. तिसऱ्या रविवारी तीन वाफे आडवे झाले होते. खोड हाताने ओढले की बुडातून अलगद निघून येई आणि मागे कुजकट वास दरवळे. बांधावर शेजारचे चार शेतकरी उभे होते. त्यांच्यादेखत आम्ही निकाल जाहीर केला: “पाणी तुंबविलेत तुम्ही, तात्या. गड्डे कुजविलेत.”

तात्या एवढेच म्हणाले, “चर मोकळा हाय, आण्णा.” मग त्यांनी हातातले खोरे मोटारीच्या खोलीच्या भिंतीला टेकविले आणि ते निघून गेले. सोमवारी आले नाहीत. मंगळवारीही नाही.

पाणी आमच्याच हुकमाने दिले होते, ही गोष्ट आमच्या आरोपपत्रात नव्हती. त्या वेळी १८७२ चा पुरावा कायदा अंमलात होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. नाव बदलले, पण जो आरोप करतो त्याने तो शाबीत करावा, हे तत्त्व दोहोंत कायम आहे. आम्ही आरोप केला, शाबीत झाला असे मानले आणि शिक्षाही दिली. फिर्यादी आम्ही, न्यायाधीश आम्ही, आणि पुढे दिसून आले त्याप्रमाणे निम्मे गुन्हेगारही आम्हीच.

गणपतीस आमची भाची आली. ती धारवाडच्या कृषी विद्यापीठाची पदवीधर. जेवताना विषय निघाला. आम्ही सगळी हकीकत विजयी मुद्रेने सांगितली. ती म्हणाली, “मामा, पाणी तुंबले हे तुम्ही पाहिलेत का?”

“गड्डे कुजले, म्हणजे पाणी तुंबलेच असणार.”

“म्हणजे पाहिले नाहीत.”

उलटतपासणी अशी थोडक्यात आटोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आम्हांस शेतावर घेऊन गेली. प्रथम तिने चर पाहिला. तो स्वच्छ होता. गवतसुद्धा काढलेले होते. खरे खोरे कोणी चालविले होते, हे त्या चराच्या सरळ कडांवरूनच समजत होते. आमचा पहिला आरोप तेथेच पडला.

मग तिने एक कुजका गड्डा फोडला. आत पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. आम्ही उत्साहाने म्हणालो, “हा बघ खरा आरोपी!” ती हसली. “ही कंदमाशीची अळी. पण मामा, प्रेताजवळ सापडलेला प्रत्येक इसम खुनी असतो का?” या माशीविषयी मतभेद आहेत, असे तिने सांगितले. आपल्याकडे तिला आल्याची मोठी कीड मानतात आणि तिच्यासाठी औषधेही मारतात. परंतु केरळातील अभ्यासकांना ती बहुधा आधीच रोगट झालेल्या गड्ड्यांतच आढळली. कुजीचा वास आला म्हणून ती आली, की ती आली म्हणून कूज झाली, हे केवळ तिला तेथे पाहून सांगता येत नाही.

तिसरा संशयित बुरशी. आल्याची कंदकूज पिथियम नावाच्या बुरशीने होते, हे जुनेच ज्ञान आहे. बटलर या शास्त्रज्ञाने १९०७ सालीच सुरतेकडील आल्यावर ती नोंदविली होती. त्या कुजीत खालच्या पानांची टोके आधी पिवळी पडतात आणि पिवळेपणा सावकाश पसरतो. जिवाणूच्या मरीत पान आधी वळते, मलूल होते, आणि काही दिवसांतच सबंध ठोंब मान टाकतो. “पण शेवट दोन्हींचा एकच,” भाची म्हणाली, “सड आणि घाण वास. लोक शेवट पाहतात आणि त्यावरून सुरुवात सांगतात.” आम्ही गप्प राहिलो. गेली वीस वर्षे आम्ही न्यायाधीशांपुढे हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत म्हणत आलो आहोत.

पुढचा प्रकार आमच्या ओसरीवर झाला. तिने घरातून काचेचे दोन स्वच्छ पेले मागविले आणि त्यांत नितळ पाणी भरले. पूर्ण कुजलेला ठोंब तिने घेतला नाही. नुकताच मलूल झालेला घेतला. गड्ड्याच्या लगत वरचा, दोन-तीन बोटे लांबीचा खोडाचा तुकडा धारदार सुरीने कापला, पुसला, आणि त्याचे कापलेले टोक पाण्याला जेमतेम टेकेल असा धरला. दुसऱ्या पेल्यात तसाच तुकडा, पण दूरच्या वाफ्यातल्या निरोगी ठोंबाचा. “हात हलवू नका, आणि बोलू नका,” ती म्हणाली. दुसरी अट आम्हांस अधिक कठीण होती.

दोन-तीन मिनिटे गेली असतील. पहिल्या पेल्यात, कापलेल्या टोकापासून, एक दुधी तंतू खाली उतरू लागला. उदबत्तीचा धूर वर जाण्याऐवजी खाली वाहावा, तसा. मग दुसरा, मग तिसरा. पाणी हळूहळू गढूळ पांढरे झाले. शेजारचा पेला होता तसाच नितळ राहिला.

“हे जिवाणू,” भाची म्हणाली. “एकेका तंतूत अगणित.”

आमच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. आम्ही पेल्याकडे पाहत राहिलो. ज्या साक्षीदाराला आम्ही महिनाभर बोलाविलेच नव्हते, तो न विचारता बोलत होता.

या जिवाणूचे आजचे नाव राल्स्टोनिया. तो मुळांच्या बारीकसारीक जखमांतून तरी शिरतो किंवा रोगट बेण्यातून आयता येतो. झाडाला पाणी पोचविणाऱ्या बारीक नळ्यांत तो वाढतो आणि तेथे चिकट स्राव सोडतो. नळ्या तुंबतात. पाणी तुंबले होते हे आमचे म्हणणे एका अर्थी खरे होते. पण ते चरात नव्हे, झाडाच्या घशात. मुळाशी ओल, आणि पानाला कोरड. झाड पाण्यात उभे राहून तहानेने मरते. ते पाहणारा माणूस साहजिकच आणखी पाणी देतो; आणि ते पाणी जिवाणूला पुढच्या ठोंबापर्यंत घेऊन जाते. आमचा दयाळू हुकूम पाटाच्या उताराने कसा खाली खाली सरकला, हे आता आम्हांस कळले. बुरशीचे औषध का लागू पडले नाही तेही कळले. औषध खरे होते. पण ज्याला द्यायचे तो रोगी दुसरा होता.

भाचीने आणखी एक सांगितले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. पेल्याची परीक्षा हा बळकट पुरावा आहे, अंतिम निकाल नव्हे. म्हणून तिने नमुने प्रयोगशाळेत धाडले. तेथे जिवाणू वेगळा काढून वाढवितात. केलमन यांनी १९५४ साली यासाठी एक माध्यम सुचविले. त्यावर या रोगकारक जिवाणूच्या वसाहती पांढऱ्या, ओलसर आणि मध्ये गुलाबी अशा उठतात. आमच्या नमुन्यातही तोच निघाला.

हे सगळे कोणी ठरविले, याचा शोध आम्ही त्या रात्री घेतला, आणि आम्हांस तेथे एक अख्खा खटला सापडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाला आणि जनावराला जिवाणूंमुळे रोग होतात हे रॉबर्ट कॉख यांच्या कामाने मान्य झाले होते. परंतु झाडांनाही होतात, हे पुष्कळांना पटत नव्हते. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील अर्विन स्मिथ यांनी १८९६ साली टोमॅटो, बटाटा आणि वांगे यांच्या मरीचा हा जिवाणू वर्णन केला. जर्मनीतील आल्फ्रेड फिशर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आव्हान दिले: मेलेल्या झाडात जिवाणू सापडणारच, त्यांनी झाड मारले कशावरून? १८९७ ते १९०१ हा वाद छापील पानांवर चालला. स्मिथ यांनी वक्तृत्व केले नाही. पुरावा मांडीत गेले आणि जिंकले.

कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्या चार आहेत. संशयित प्रत्येक रोगी झाडात आढळला पाहिजे. तो वेगळा काढून शुद्ध रूपात वाढविता आला पाहिजे. निरोगी झाडात सोडल्यावर तोच रोग झाला पाहिजे. आणि त्या नव्या रोगी झाडातून तोच जिवाणू पुन्हा मिळाला पाहिजे. एखाद्या फौजदारी न्यायाधीशाने मागावा तसा हा पुरावा आहे. फिशर यांचा आक्षेप आणि कंदमाशीविषयी भाचीने विचारलेला प्रश्न एकच होता, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. आक्षेप चुकीच्या बाजूने आला, पण रास्त होता. त्यानेच पुरावा भक्कम केला.

आरोपीला टोपणनावेही पुष्कळ. प्रथम बॅसिलस, मग स्यूडोमोनास, १९९२ साली बर्खोल्डेरिया, १९९५ पासून राल्स्टोनिया. आणि २०१४ साली त्याच्या तीन जाती पाडल्या गेल्या, त्यांपैकी स्यूडोसोलानासीरम ही आपल्याकडील आल्यावरची. समन्सवर ‘ऊर्फ’ लिहिता लिहिता कारकुनाचा हात दुखावा! पण नावे बदलली तरी पेल्यातला दुधी तंतू तोच राहिला. नाव नेमके हवे, ते पांडित्यासाठी नव्हे. नाव बदलले की उपाय बदलतो म्हणून. २०२४ साली कोडगूच्या आल्यावर पानांचा एक नवा रोग आला. कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने तो पायरिक्युलेरिया या बुरशीचा ठरविला. भातावरचा करपा याच गणातला. तेथे पेला नितळच राहिला असता.

उभ्या पिकातील जिवाणूच्या मरीला रामबाण औषध नाही, हे कटू सत्य. रोगट ठोंब मातीसकट काढावे, पाटात किंवा उकिरड्यात टाकू नयेत. पाटाचे पाणी थांबवावे. खोरे-विळे धुऊन मगच दुसऱ्या वाफ्यात न्यावे. त्या जागी काही वर्षे आले लावू नये, आणि टोमॅटो-वांगी-मिरचीही नको, कारण त्या कुळालाही हा जिवाणू मारतो. मका, ज्वारी चालेल. आणि बेणे उभे निरोगी पीक पाहून घ्यावे. शेवटचे वाक्य ऐकताना आम्ही खाली पाहिले. ते आम्ही मे महिन्यापूर्वीच एकदा ऐकले होते, फुकट.

“मामा,” भाचीने जाता जाता विचारले, “तात्यांना सांगितलेत का?”

विसर्जन झाल्यावर आम्ही तात्यांकडे गेलो. ते कट्ट्यावर बसून दोरी वळीत होते. त्यांनी घोंगडे पसरले. घरातून चहा आला. त्यात आले होते. आम्ही पेल्याची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, “तात्या, चूक आमची. चारचौघांत बोललो, तेही चुकले.”

तात्यांनी दोरीचा पीळ पुरा केला. मग म्हणाले, “रान वलं हाय म्हणालो हुतो मी.”

“म्हणाला होतात.”

याहून जास्त ते बोलले नाहीत, आणि याहून जास्त बोलण्यासारखे आमच्यापाशी नव्हते. पीक गेल्यामुळे वाटा कसला द्यायचा. तेव्हा हंगामाच्या राबणुकीचे पैसे आम्ही पुढे ठेवले. त्यांनी ते मोजून घेतले. मोजून घेतले याचे आम्हांस बरे वाटले. न मोजता घेतले असते तर ते क्षमा केल्यासारखे झाले असते, आणि तेवढा आमचा हक्क नव्हता.

परंतु खोड अशी लवकर जात नाही. उठता उठता आम्ही आवेशाने म्हणालो, की त्या बेण्याच्या व्यापाऱ्याला आता नोटीस देतो. मसुदा तयार आहे. तात्यांनी आमच्याकडे पाहिले.

“आण्णा, त्यानं जाणून दिलं असंल का? त्यानंबी कुणाकडनं तरी घेतलंच असंल की. आन् गेल्या साली त्याच जाग्यावर टोमॅटो हुती. चार झाडं माना टाकून मेली, तवा आपण ऊन लागलं म्हणालो. रोग बेण्यातनं आला का रानातनं आला, ते पेल्यात दिसलं का?”

दिसले नव्हते. आल्यावरचा जिवाणू आणि टोमॅटोवरचा जिवाणू हे नेहमीच एक वाण नसतात, असे भाचीने सांगितले होते. पण आमच्या रानात काय होते ते सांगणारी ती चार झाडे केव्हाच उकिरड्यावर गेली होती. बेण्याचा एक तुकडाही आम्ही राखून ठेवला नव्हता. रोग कोणता हे शाबीत झाले होते. तो कोणी आणला हे झाले नव्हते. एका माणसाला पुराव्यावाचून दोषी ठरविल्याची माफी मागायला आम्ही आलो होतो, आणि त्याच कट्ट्यावर दुसऱ्याला तसेच दोषी ठरवून उठत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारा राजा गोष्टीत हसू आणतो. तो आपल्याच घोंगड्यावर बसलेला आढळला म्हणजे हसू येत नाही. नोटिशीचा मसुदा आमच्या कपाटात आहे. तो गेला नाही.

पुढच्या वर्षी त्या दहा गुंठ्यांत मका उभा राहिला. आले लावले ते वरच्या अंगाला, दुसऱ्या जागी, थोडेच. बेणे तात्यांनी स्वतः उभे पीक पाहून आणले आणि त्यातली चार बोटे फडक्यात बांधून आमच्या माडीवर ठेवायला दिली. “राहू दे साक्षीला,” म्हणाले. श्रावणात एका सकाळी त्यांचा फोन आला. “आण्णा, एक ठोंब पिवळा पडलाय. येताना पेला आणा.”

आम्ही पेला नेला. विहिरीचे पाणी भरले, खोडाचा तुकडा धरला, आणि दोघेही वाफ्याच्या कडेला उकिडवे बसलो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पाणी नितळच राहिले. तात्यांनी पेला खाली ठेवला, उठून वाफ्याच्या टोकाशी गेले आणि पायाने गवत बाजूला केले. चराचे तोंड ढेकळाने बुजले होते. मागे वीतभर पाणी साचले होते.

“ह्यो मातूर माझा गुन्हा, आण्णा,” ते म्हणाले, आणि खोरे आणायला गेले.